दुसऱ्यांचे घोडे आपल्या पागेत ठेवायचे तर विमा कोणता घ्यावा? (डिचोली, गोवा)

कुळागर | १२ जून, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यात मयेच्या बाजूला आमची घरची जागा आहे. तिथे माझे स्वतःचे तीन घोडे आहेत. एक मारवाडी घोडी आणि दोन शर्यतीतून निवृत्त झालेले थरोब्रेड. पर्वरी, ताळगाव, आसगाव या भागात मुंबई-पुण्याहून येऊन स्थायिक झालेली मंडळी अलीकडे सारखी विचारतात, "आमचा घोडा तुमच्याकडे ठेवाल का?" दाणा-वैरण, खरारा, नालबंद, डॉक्टर सगळं आम्ही पाहायचं, मालकाने सुटीच्या दिवशी येऊन रपेट करायची आणि महिन्याला ठरलेले पैसे द्यायचे. विलायतेत लिव्हरी यार्ड असतात तसंच. सहा ते आठ घोडे घ्यावेत असं मनात आहे.

दोन शेड आहेत. एक पक्की, पत्र्याची. दुसरी जुनी, वर झावळ्यांचं छप्पर. तीन मोतद्दार, म्हणजे घोडे सांभाळणारी माणसं, आहेत, त्यातले दोघे जागेवरच राहतात.

विमा एजंट म्हणाला, "दुकानदारांची पॅकेज पॉलिसी घ्या, सगळं त्यात येतं." माझा विश्वास बसत नाही. रात्री कुणाच्या लाखो रुपयांच्या घोड्याला पोटशूळ उठून तो गेला तर? कुंपण तोडून रस्त्यावर गेला आणि स्कूटरवाल्याला धडकला तर? कुणाचं पोर पडलं तर? घोडे मला जिवासारखे आहेत आणि लोक त्यांचे घोडे विश्वासाने सोपवणार आहेत, म्हणून पहिला घोडा आत येण्याआधी हे नीट करून घ्यायचंय. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

तांबडी माती | १२ जून, रात्री १०.०५

वाखुसा (वाचनखूण साठवली). आमच्या पेडण्यात पण दोघेतिघे असा विचार करताहेत.

विमाकाका | १२ जून, रात्री ११.२०

सर्वसाधारण विम्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे थोडं अधिकाराने लिहितो.

कुळागरबाब, तुमचा संशय रास्त आहे. दुकानदारांच्या पॅकेजमध्ये आग, चोरी, काचा, रोकड आणि थोडी जबाबदारी असते. तिथे आठ-आठ घोडे उभे असतील, त्यातले बरेच दुसऱ्यांचे असतील, हे ती पॉलिसी लिहिणाऱ्याच्या डोक्यात नव्हतं. पॉलिसीवर "व्यवसायाचं स्वरूप" असा रकाना असतो. तिथे "दुकान" लिहिलं असेल तर दाव्याच्या दिवशी पहिला वाद तिथूनच सुरू होतो.

शेड, खोगिरं, लगाम, चाऱ्याचा साठा, पंप, पाण्याच्या टाक्या यांच्यासाठी "भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा" ही पॉलिसी विचारा. १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या कंपन्यांना ही एकाच मजकुराची द्यावी लागते. एका जागेवरची एकूण मालमत्ता पाच कोटींपर्यंत असेल तर ती चालते. आग, वीज, वादळ, पूर, दरड हे सगळं मुळातच त्यात आहे. विमा थोडा कमी रकमेचा निघाला तर १५ टक्क्यांपर्यंतच्या फरकासाठी दाव्यातून कापत नाहीत. आपल्याकडे जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी-डिचोलीची काय अवस्था झाली होती ती आठवा. त्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळाने माड-आंबे घरांवर पाडले होते. म्हणून हा भाग टाळू नका.

मात्र झावळ्यांची शेड. गवत, झावळ्या, बांबू, ताडपत्री यांचं छप्पर किंवा भिंत असली की विम्याच्या भाषेत ते कच्चं बांधकाम. त्याला वेगळा दर लागतो, किंवा कंपनी नाहीच म्हणते. प्रस्तावात ते लपवू नका. माझा सल्ला विचाराल तर पावसाळा संपला की ते छप्पर उतरवा. वाळक्या झावळ्यांखाली गवताच्या गंजी आणि बांधलेली जनावरं, हे विमा असो नसो, नकोच.

आणि महत्त्वाचं: शेडच्या पॉलिसीत शेडमधला घोडा आपोआप येत नाही. घोड्याचा विमा वेगळा. आणि त्याहूनही वेगळी आहे ती दुसऱ्याच्या घोड्याबद्दलची तुमची जबाबदारी. उद्या लिहितो, डोळे मिटताहेत.

सुरंगी | १३ जून, सकाळी ७.१५

काकांच्या शेवटच्या वाक्याबद्दल मला लिहायलाच हवं, कारण ते मी भोगलंय.

गोव्यात येण्याआधी माझा घोडा दुसऱ्या शहरात एका पागेत ठेवलेला होता. तपकिरी (बे) रंगाचा घोडा, सोळा हातांच्या आसपास उंच (घोडा मोजायचा हात चार इंचांचा), स्वभावाने इतका गरीब की लहान मुलं त्याच्या पोटाखालून जायची. एका रात्री शेजारच्या खणातल्या घोड्याशी भांडण झालं, मधली फळी तुटली आणि याचा मागचा पाय मोडला. सकाळी डॉक्टरांनी त्याला कायमचं झोपवलं.

पागेच्या भिंतीवर विम्याचं प्रमाणपत्र फ्रेम करून लावलेलं होतं. मी, आणि तिथे घोडे ठेवणारे आम्ही सगळेच, समजत होतो की आपले घोडे त्यात आले. पागेच्या मालकालाही मनापासून तसंच वाटत होतं. पॉलिसी वाचल्यावर कळलं, त्यात छपराचे पत्रे होते, गवत होतं, बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई होती. आणि एक वाक्य होतं: विमाधारकाच्या ताब्यात, देखरेखीत किंवा सांभाळात असलेल्या दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान यातून वगळलेलं आहे. दुसऱ्याची मालमत्ता म्हणजे माझा घोडा.

पैशांचं मी सोडून दिलं. पण त्या माणसाचं आणि माझं बोलणं तुटलं. तो वाईट नव्हता. कुळागर, तुम्ही पहिला घोडा घेण्याआधी विचारताय याचं मला फार बरं वाटलं.

दर्यावर्दी | १३ जून, सकाळी ८.५०

सुरंगीताई, वाचून वाईट वाटलं.

पण मी वेगळं मत मांडतो. आमच्या ओळखीत गोव्यात घोडे पाळणारे आहेत, कुणी विमा काढलेला नाही. इथे सगळे एकमेकांना ओळखतात. काही झालं तर बसून मिटवतात. विमा कंपनीला हप्ते भरत बसण्यापेक्षा दर महिन्याला प्रत्येक घोड्यामागे थोडी रक्कम वेगळ्या खात्यात टाका. दोन-चार वर्षांत चांगली गंगाजळी होईल आणि ती तुमच्या हातात असेल. दावा नामंजूर करणारा कुणी मध्ये नसेल.

विमाकाका | १३ जून, सकाळी १०.३०

दर्यावर्दी, स्वतःच्या घोड्यांसाठी तुमचा मार्ग चुकीचा नाही. स्वतःचा घोडा गेला तर नुकसान घोड्याच्या किमतीएवढं, ते माणूस आधीच मोजू शकतो. पण तुमच्या पागेतला घोडा रस्त्यावर जाऊन एखादा तरुण कायमचा अंथरुणाला खिळला, तर ती रक्कम आधी कशी मोजणार? तिथे महिन्याची शिल्लक पुरत नाही, जमीन विकावी लागते. म्हणून हप्त्याचे पैसे मोजकेच असतील तर मी कुळागरबाबांना सांगेन: आधी जबाबदारीचा विमा, मग शेडचा, आणि स्वतःच्या घोड्यांचा सगळ्यात शेवटी.

आता कालचं पुढे.

जबाबदारीची पॉलिसी म्हणजे पब्लिक लायबिलिटी. त्यात दोन आकडे असतात, एका अपघाताची मर्यादा आणि वर्षभराची मर्यादा. दोन्ही पाहून घ्या. पॉलिसी जागेच्या पत्त्याला बांधलेली असते. मग घोडा फाटकाबाहेर गेल्यावर काय? मोतद्दार त्याला रस्त्याने तलावाकडे फिरवायला नेतो तेव्हा काय? हे तोंडी विचारू नका. कंपनीला पत्र लिहा, उत्तर लेखी घ्या, आणि पॉलिसीला पुरवणी जोडून मागा. सुरंगीताईंनी सांगितलेलं ताबा-देखरेखीचं वाक्य आपल्याकडच्या पॉलिसीत जवळजवळ नेहमी असतं. ते काढून घेण्यासाठी, निदान मर्यादित रकमेपुरतं तरी, जादा हप्ता देऊन वेगळी मागणी करावी लागते. स्थानिक शाखेच्या हातात हे नसतं, प्रस्ताव वर जातो. यासाठी एका कंपनीचा एजंट धरण्यापेक्षा परवानाधारक ब्रोकर गाठा. तो चार ठिकाणी प्रस्ताव फिरवू शकतो.

आणखी एक. या पॉलिसी बऱ्याचदा अशा असतात की दावा पॉलिसी चालू असताना यावा लागतो. म्हणून मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नका.

पंचखाद्य | १३ जून, सकाळी ११.००

आमच्या डिचोली-सत्तरीत शिगम्याला घोडेमोडणी असते, कमरेला लाकडी घोडा बांधून नाचतात. तो घोडा चंदी मागत नाही, लाथ मारत नाही, त्याला पोटशूळ होत नाही. विमा कंपनीला याहून चांगलं गिऱ्हाईक मिळायचं नाही! :)

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. गोवा हे एकेकाळी घोड्यांचं बंदर होतं. होर्मुझहून अरबी घोडे समुद्रमार्गे इथे उतरायचे आणि घाट चढून विजयनगर, विजापूरला जायचे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं त्यामागे या व्यापारावरच्या जकातीचंही मोठं आकर्षण होतं. त्या शतकातल्या एका पोर्तुगीज व्यापाऱ्याने विजयनगरच्या सालुव नरसिंह राजाबद्दल लिहून ठेवलंय, की तो घोडे जिवंत असोत की मेलेले, किंमत मोजायचा. वाटेत समुद्रात मेलेल्या घोड्याचं नुसतं शेपूट आणून दाखवलं तरी जिवंत घोड्याचे पैसे मिळायचे. व्यापाऱ्यांनी धोका पत्करून घोडे आणत राहावेत म्हणून राजाने केलेला हा विमाच की.

तांबडी माती | १३ जून, सकाळी ११.१०

शेपटीवर दावा मंजूर! जबरदस्त माहिती.

वाळवंटी | १३ जून, दुपारी २.४५

मी साखळी गावात वकिली करते. विम्यावर काका लिहिताहेत, मी करारावर लिहिते, कारण या व्यवसायात दोन्ही एकमेकांना चिकटलेले आहेत.

दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. कलम १४८ पासून पुढे. कलम १५१ सांगतं की सर्वसाधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी तुम्ही घ्यायला हवी. कलम १५२ सांगतं की तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. म्हणजे घोडा मेला एवढ्याने तुम्ही दोषी ठरत नाही. पण काळजी घेतली होती हे दाखवायची वेळ तुमच्यावर येते. रात्री कोण पाहणी करतं, शेवटचा चारा कधी दिला, पाणी किती प्यायला, डॉक्टरांना किती वाजता फोन केला, याची वही ठेवा. कोर्टात आणि विमा सर्वेक्षकासमोर ती वही तुमच्या बाजूने बोलेल.

"अपघातास व्यवस्थापन जबाबदार नाही" असा फलक लावून हलगर्जीपणा माफ होत नाही. तुम्ही पैसे घेऊन सेवा देता, त्यामुळे ग्राहक आयोगाचा रस्ता समोरच्याला मोकळा असतो. फलक लावा, सह्या घ्या, त्याने लोक सावध होतात. पण त्याला विमा समजू नका.

करारात काय असावं ते थोडक्यात. घोड्याची कबूल केलेली किंमत. मालकाचा फोन लागला नाही तर उपचाराचा, आणि डॉक्टरांनी सांगितलं तर घोड्याला झोपवण्याचा निर्णय कोण घेणार आणि किती खर्चापर्यंत. घोड्यावर मालकाखेरीज कोण बसू शकेल. पैसे थकले तर काय. आणि सगळ्यात कामाचं कलम: मालकाने स्वतःच्या घोड्याचा मृत्यूचा विमा स्वतः काढावा, त्याची प्रत तुमच्याकडे द्यावी, आणि ज्याचा विमा नाही त्याने तसं लिहून द्यावं. घोडा ज्याचा, त्याच्या जिवाचा विमा त्यानेच काढणं हे विम्याच्या तत्त्वालाही धरून आहे. तुमचं विमाहित (विमा काढता येईल एवढा तुमचा हितसंबंध) तुमच्या जबाबदारीपुरतं आहे.

जागेचंही पाहून घ्या. पंचायतीचा परवाना व्यवसायाच्या खऱ्या नावाने घ्या. आणि ती जमीन कुळकायद्यात कुळाला मिळालेली असेल तर १९९१ च्या जमीन वापर नियमनाच्या कायद्याने तिचा शेतीखेरीज वापर करता येत नाही. विनापरवाना बांधकामाचा विमा उतरवला तरी दाव्याच्या वेळी तो प्रश्न उभा राहतो.

कुळागर | १३ जून, सायंकाळी ६.२०

वाळवंटीताई, जमीन आमच्या मालकीचीच, कुळाची नाही. एक चौदाचा उतारा (आपला गोव्यातला सातबारा) काढून ठेवतो. करार आजच लिहायला घेतो.

खोगीर | १३ जून, रात्री ८.१५

मी घोडेस्वारी शिकवतो. एका गोष्टीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून लिहितो. नुसते घोडे सांभाळणं वेगळं आणि लोकांना घोड्यावर बसवणं वेगळं. सुटीच्या दिवशी मालक येतो, त्याच्याबरोबर मेहुणी येते, मेहुणीचं पोर म्हणतं "मला पण एक चक्कर", आणि मोतद्दार त्याला बसवून लगाम धरून फिरवतो. पैसे कुणी घेतलेले नाहीत, पण जागा तुमची, माणूस तुमचा. पॉलिसीत "फक्त निवास व देखभाल" लिहिलेलं असेल तर हे पोर पडल्यावर कंपनी बोट कुठे ठेवेल?

म्हणून एकतर स्पष्ट बंदी ठेवा आणि ती पाळा. नाहीतर शिकवणी, रपेट, पाहुण्यांची फेरी सगळं प्रस्तावात लिहून त्याचा हप्ता भरा. शिरस्त्राणाशिवाय कुणालाही नाही, मालकालासुद्धा नाही. जीन, तंग (जीन आवळणारा पोटाखालचा पट्टा), रिकिबीचे पट्टे दर आठवड्याला तपासून वहीत सही. तंग तुटून झालेला अपघात हा घोड्याचा स्वभाव म्हणून खपवता येत नाही.

हणजूण ते स्विंडन | १४ जून, पहाटे २.३०

माझी मुलगी इथे एका लिव्हरी यार्डात काम करते, म्हणून इंग्लंडमधलं सांगतो. इथे तीन प्रकार चालतात: पूर्ण देखभाल, अर्धी देखभाल, आणि नुसती जागा घेऊन मालकाने स्वतः राबायचं. प्रकाराप्रमाणे यार्डाची जबाबदारी बदलते आणि हप्ताही. सुरंगीताईंनी जे वाक्य सांगितलं, त्यासाठी इथे नावासकट वेगळं संरक्षण विकतात, ताबा-देखरेख-नियंत्रण असंच म्हणतात त्याला. सहसा दर घोड्यामागे ठराविक मर्यादा असते. महागडा घोडा असेल तर वाढवून घ्यावी लागते.

नोकर असतील तर मालकाला किमान ५० लाख पौंडांचा विमा कायद्याने सक्तीचा आहे. घोडा भाड्याने देणं किंवा त्यावर शिकवणं यासाठी २०१८ च्या नियमांनुसार परवाना लागतो, आणि त्याला जबाबदारीचा विमा हवाच. नुसत्या लिव्हरीला मात्र इंग्लंडमध्ये अजून तसा परवाना नाही, हे ऐकून मलाही नवल वाटलं होतं. प्रत्येक घोड्याला पासपोर्ट आणि मायक्रोचिप सक्तीची आहे.

खूर आणि खरारा | १४ जून, सकाळी ९.००

पशुवैद्य आहे. पंचखाद्य यांच्या शेपटीवरून आठवलं. आज शेपूट चालत नाही, आज ओळख पटवावी लागते. गाईला कानात बिल्ला असतो आणि तो सापडला नाही की दावा अडतो. घोड्याला मायक्रोचिप बसवून घ्या. त्याशिवाय चारही बाजूंनी फोटो, कपाळावरचा टिळा, पायांवरचा पांढरा रंग, अंगावरचे भोवरे यांची नोंद. दोन सारख्या रंगाच्या थरोब्रेडमध्ये सर्वेक्षकाला फरक कळला पाहिजे.

पशुधन विम्यात साधारण पहिले १५ दिवस आजाराने झालेला मृत्यू धरत नाहीत. म्हणजे घोडा आज आला, आज विमा काढला, आठवड्याने पोटशूळाने गेला तर काही मिळणार नाही. चोरी आणि परस्पर विक्रीही बाहेर. पॉलिसीत लिहिलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला जनावर वापरलं तरी अडचण. लग्नाच्या वरातीला एक दिवस दिला, हेही "दुसरं काम" आहे.

झोपवण्याबद्दल वाळवंटीताईंनी लिहिलंय, त्यात भर. मुद्दाम मारलेलं जनावर पॉलिसीतून वगळलेलं असतं. पण बरी न होणारी वेदना आहे असं पशुवैद्याने लेखी दिलं, किंवा कायदेशीर अधिकाऱ्याने आदेश दिला, तर बऱ्याच पॉलिसींत तो अपवाद मान्य असतो. ते वाक्य तुमच्या पॉलिसीत आहे का, पाहा. ग्लँडर्ससारख्या रोगात याचं महत्त्व कळतं. तो माणसालाही होतो, २००९ च्या संसर्गजन्य पशुरोग कायद्याखाली कळवणं बंधनकारक आहे, आणि बाधित घोड्याला मारावंच लागतं. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक घोड्याची ग्लँडर्सची तपासणी झाल्याशिवाय त्याला आत घेऊ नका. हिसारचं राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र या कामातलं प्रमुख ठिकाण आहे, नमुने पाठवायला आपल्या पशुवैद्यकीय खात्याची मदत घ्या. नवीन घोड्यासाठी बाकीच्यांपासून दूर एक खण राखून ठेवा. धनुर्वाताची लस सगळ्यांना.

पोटशूळाचं सांगतो, कारण कुळागर यांनी तोच विचारला. चारा अचानक बदलला, पाणी कमी प्यायला, पावसाळ्यात भिजून बुरशी आलेलं गवत खाल्लं, कृमी झाले, अशी कारणं असतात. यातलं बरंचसं पागेच्या हातात आहे. म्हणून विमा कंपनी "निष्काळजीपणा" हा शब्द इथेच काढते. गवत जमिनीपासून उंच फळीवर ठेवा, बुरशीचा वास आला की फेका, पैशाकडे पाहू नका. घोडा लोळायला लागला, पोटाकडे वळून पाहू लागला की तासभर वाट न पाहता डॉक्टर. मृत्यू झालाच तर पुरण्याआधी कंपनीला कळवा, शवविच्छेदन करून घ्या, फोटो काढा.

सुरंगी | १४ जून, सकाळी ९.४०

डॉक्टर, सरकारी अनुदानाची पशुधन विमा योजना घोड्यांना लागू आहे का?

खूर आणि खरारा | १४ जून, सकाळी १०.१०

राष्ट्रीय पशुधन अभियानातल्या विम्यात घोडा, खेचर, गाढव, उंट ही ओझ्याची जनावरं म्हणून येतात. फेब्रुवारी २०२४ च्या बदलांनंतर पशुपालकाचा हप्त्यातला हिस्सा १५ टक्के, बाकी केंद्र आणि राज्य. त्याच बदलांत घोडा-गाढव-खेचर-उंट यांच्या उद्योगासाठी ५० लाखांपर्यंत ५० टक्के भांडवली अनुदानही आलं. आपल्या प्रकरणात काय बसतं ते पणजीला पाटोवर पशुसंवर्धन संचालनालयात विचारा. शहरातल्या हौशी मालकाच्या महागड्या घोड्यासाठी मात्र मी कंपनीची स्वतंत्र पॉलिसीच सुचवीन.

दर्यावर्दी | १४ जून, दुपारी १२.३०

काकांचं रस्त्यावरच्या अपघाताचं उदाहरण पटलं. जबाबदारीचा विमा हवा, मान्य. पण मोतद्दारांसाठी वेगळा विमा हवाच का? आठ घोड्यांच्या पागेला हे सगळं पेलायचं कसं?

विमाकाका | १४ जून, दुपारी १.१५

मोतद्दारांचा तर आधी हवा. कामावर असताना कामगाराला इजा झाली की भरपाई देण्याची जबाबदारी मालकाची, १९२३ च्या कायद्यापासून हे तत्त्व आहे. त्यात कामगाराला तुमची चूक सिद्ध करावी लागत नाही. हिशोब असा: मृत्यू झाला तर पगाराच्या निम्मी रक्कम गुणिले वयाचा गुणांक. पगार मोजताना २०२० पासून महिना १५,००० ची मर्यादा. तीस वर्षांच्या माणसाचा गुणांक २०७.९८. म्हणजे १५ लाख ५९ हजारांच्या वर. घोड्याच्या मागच्या लाथेने हे क्षणात घडू शकतं. या पॉलिसीचा हप्ता वर्षाच्या एकूण पगारावर ठरतो. तीन माणसांसाठी तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पुष्कळच कमी येईल. जागेवर राहणाऱ्या दोघांची आणि हंगामी माणसांचीही नावं घाला.

आपल्या घोड्यांना आपण चंदी वेळेवर देतो, त्यांना सांभाळणाऱ्या माणसाची बायकामुलं गावाकडे वाट पाहत असतात. हा हप्ता वाचवू नये असं माझं कळकळीचं सांगणं आहे.

खोगीर | १४ जून, दुपारी १.४०

काका, शंभर टक्के. आमच्या क्षेत्रात यावर कुणी बोलत नाही.

तांबडी माती | १४ जून, दुपारी ३.००

दावा नाकारला तर गोव्यातून दाद कुठे मागायची?

वाळवंटी | १४ जून, दुपारी ३.३०

आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी. समाधान झालं नाही तर विमा लोकपाल. गोवा आता पुण्याच्या लोकपाल कार्यालयाखाली येतो. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसीही तिथे चालतात, मर्यादा ५० लाख. वकील लागत नाही, फीही नाही. ग्राहक आयोग हा दुसरा मार्ग.

कुळागर | १९ जून, रात्री ९.००

मंडळी, देव बरें करूं. तुमच्यामुळे आठवडाभरात बरंच पुढे सरकलो.

ब्रोकर गाठला. प्रस्तावात व्यवसायाचं स्वरूप "दुसऱ्यांच्या व स्वतःच्या घोड्यांचा निवास आणि देखभाल" असं लिहिलं आणि खाली "मालकाखेरीज कुणालाही स्वारी नाही" अशी ओळ घातली. खोगीर, पाहुण्यांच्या फेऱ्या बंद. घरात थोडी नाराजी आहे, माझ्या भाच्यांचा तोच आवडता खेळ होता. तीन मोतद्दारांची पॉलिसी सगळ्यात आधी झाली. काका, हप्ता खरंच इतका कमी होता की ब्रोकरला दोनदा विचारलं.

ताबा-देखरेखीची पुरवणी द्यायला एक कंपनी तयार आहे, दर घोड्यामागे मर्यादा घालून. त्यांच्या अटी: रात्री माणूस हजर हवा, पाहणीची वही हवी, आणि झावळ्यांच्या शेडमध्ये दुसऱ्याचा घोडा बांधायचा नाही. तिन्ही मान्य केल्या. त्या शेडखाली आता फक्त बैलगाडीचं जुनं सामान आहे. दुसऱ्या कंपनीचं उत्तर यायचंय, पण जबाबदारीच्या पॉलिसीत फाटकाबाहेरच्या रस्त्याचा उल्लेख लेखी मिळेपर्यंत मी सही करणार नाही.

ज्यांनी घोडे ठेवायचं म्हटलं होतं त्यातल्या एका मालकाने करार वाचून नकार दिला. म्हणाले, "घरगुती मामल्यात एवढे कागद कशाला?" बाकीच्यांनी उलट आनंदाने सह्या केल्या आणि दोघांनी घोड्यांचे विमेही काढायला घेतले.

आता एक शंका राहिली. त्यातला एक घोडा पुण्याहून चोर्ला घाटाने येणार आहे. वाटेत काही झालं तर कोणाचं?

विमाकाका | १९ जून, रात्री ९.४५

घोडा तुमच्या फाटकात उतरून तुम्ही ताब्यात घेतल्याची सही करेपर्यंत मालकाचा. करारात तसंच लिहा, वेळेसकट. मालकाच्या पॉलिसीत रस्त्याची वाहतूक आहे का ते त्याला तपासायला सांगा. विमान-जहाज बऱ्याचदा वगळलेलं असतं, रस्त्याचंही गृहीत धरू नका. तुम्ही स्वतः ट्रक पाठवत असाल तर गोष्ट फिरते, मग जबाबदारी तुमच्याकडे येते. म्हणून ट्रक मालकानेच ठरवू दे.

खूर आणि खरारा | १९ जून, रात्री १०.०५

निघण्याआधी प्रवासाला योग्य असल्याचं पशुवैद्याचं प्रमाणपत्र घ्यायला सांगा, १९७८ च्या जनावर वाहतूक नियमांत ते आहेच. ग्लँडर्सचा अहवाल सोबत. उतरल्यावर ताप, डोळे, चारही पाय बघून त्याच सहीच्या कागदावर नोंद करा, जुनी जखम असेल तर फोटो. घाटात रात्री नको, पावसात तर नकोच. शक्य असेल तर थांबून पाऊस ओसरल्यावर आणा. तोवर वेगळा खणही तयार होईल.

कुळागर | १९ जून, रात्री १०.२०

मालकांशी आत्ताच बोललो. थांबायला तयार आहेत. गणपतीनंतरचं ठरलं.